आईची तिसरी ओवी – मिरज, जत भागातल्या कुणाला आठवतेय का?

कृष्णाकाठची

सगळ्यांना सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलामच म्हणतात. आईनं जन्मभर तोच केला, म्हणून आज इथेही तोच.

आईला जाऊन आज एकतीस दिवस झाले. पहाटे सव्वाचारला गेली. तिची उठायची वेळ तीच. मिरजेच्या घरी त्या वेळेला स्वयंपाकघरातला दिवा लागायचा, ती पाटावर बसायची, पवित्र शास्त्र उघडायची, एक स्तोत्र वाचायची आणि मग डोळे मिटून पुटपुटत नावं घ्यायची. आधी आम्हा घरच्यांची, मग मामा-मावश्यांची, मग गल्लीतल्यांची, मग त्या आठवड्यात वॉर्डात असलेल्या पेशंटांची. लहानपणी मी अंथरुणात पडल्या पडल्या माझं नाव कधी येतंय याची वाट बघायचे. आलं की कूस बदलून पुन्हा झोपायचे.

तिचा जन्म १९३८ चा, जत तालुक्यातल्या एका वाडीवरचा. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, तिशी उलटेपर्यंत अक्षरओळख नव्हती. गावोगाव चालत फिरणाऱ्या एका बायबलबाईनं तिला शिकवलं. शुभवर्तमान स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी आजी शिकली. आणि मग कुणी काही म्हणो, लेकींना तिनं शाळेतून काढू दिलं नाही. १९५६ साली आई नर्सिंग शिकायला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आली. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं हे हॉस्पिटल. आई तिथे शिकली, तिथेच नोकरी केली, आमचे बाबा रेल्वेत होते, त्यांच्याशी लग्न करून मिरजेचीच झाली. गल्लीत तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतंच. लहान-मोठे सगळे तिला 'सिस्टर' म्हणायचे. भाजीवालीसुद्धा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई रात्रपाळीला होती. मिरजेतही जमीन हलली. ज्यांना उठता येत होतं ते पेशंट बाहेर पळाले. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या खाटांच्या मधोमध आई जमिनीवर बसून राहिली. मी तेव्हा तिच्या पोटात होते. 'भीती वाटली नाही का?' असं मी मोठेपणी विचारलं, तर म्हणाली, 'वाटली की. पण ते एकटे कसे राहतील?' एवढंच. तिच्या श्रद्धेबद्दल तिला विचारलं की असंच एखादं वाक्य मिळायचं. जास्त कधी बोललीच नाही ती.

एक गोष्ट मात्र मला लिहायलाच हवी. पगार झाला की पहिल्यांदा दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, बाजूला काढून ती एका डब्यात ठेवायची. माझ्या अकरावीच्या फीला पैसे कमी पडले होते आणि डब्यात दशांश होता. मी नको नको ते बोलले. देवाला पोरीपेक्षा पैसा प्यारा आहे का, असंही बोलले. ती काही म्हणाली नाही. त्या महिन्यात तिनं जादा पाळ्या केल्या आणि फी भरली. डब्याला हात लावला नाही. मी त्याबद्दल तिची माफी मागितली ती गेल्या वर्षी, चाळीस वर्षांनी. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. मला आठवत होता, रोज.

आता ज्यासाठी धागा काढला ते. आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा ओव्या म्हणायची. ख्रिस्ताच्या ओव्या. त्या तिनं स्वतः रचल्या की त्या बायबलबाईकडून घेतल्या, हे घरात कुणालाच माहीत नाही. आईनं त्या उचलल्या. मिरजेच्या घरात जातं नव्हतं, तरी कणीक मळताना, गहू निवडताना ती त्याच म्हणायची. माझ्या लेकीनं २०२१ साली एकदा फोनवर आजीचं गाणं टिपून ठेवलं. पन्नास सेकंदांचा तुकडा आहे. त्यात दोन ओव्या आहेत:

पहिली माझी ओवी। बेथलेहेम गावी।
गाईनं चाटावी। बाळमूठ॥

दुसरी माझी ओवी। विहिरीशी न्यावी।
घागर ठेवावी। तहानेची॥

त्यापुढे 'तिसरी माझी ओवी' एवढं म्हटल्यावर कुकरची शिट्टी होते आणि आई म्हणते, 'थांब गं, डाळ लागेल.' तिथे संपतं.

तिसरी ओवी मी शेकडो वेळा ऐकली असेन. घरात कायम चालू असलेल्या गोष्टीकडे माणूस कान देत नाही. मी दिला नाही. जत, कवठे महांकाळ, मिरज या भागातल्या कुणाच्या आई-आजीच्या तोंडी या ओव्या होत्या का? ती बायबलबाई नक्कीच एकट्या आमच्या वाडीवर येत नसणार.


माणदेशी

ताई, आईंना भावपूर्ण श्रद्धांजली. मी आटपाडीचा. तुमच्या ओव्या माझ्या ऐकण्यात नाहीत, पण साचा ओळखीचा आहे. 'पहिली माझी ओवी' हे सुरुवातीचं बोट आमच्याकडेही तसंच. माझी आई पहिली ओवी विठ्ठलाला, दुसरी भावाला अशी वाटत जायची.

एक सुचवतो. ओवीचे चरण साडेतीन. पहिल्या तिघांचं यमक जुळतं, शेवटचा तोकडा असतो आणि मोकळा सुटतो. तुमच्या दोन्ही ओव्यांत ओवी-गावी-चाटावी, ओवी-न्यावी-ठेवावी असं 'वी' वर आलंय. तेव्हा तिसरीतही दोन शब्द 'वी' चे असणार. शांत बसून 'वी' वर संपणारे शब्द मनात फिरवून बघा. आठवण अशी एखाद्या टोकानं ओढली की येते कधी कधी.

'घागर ठेवावी तहानेची' याचा अर्थ सांगाल का? अडलो तिथे. पण ओळ फार आवडली.


कृष्णाकाठची

माणदेशी, मनापासून आभार. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. भर दुपारी ती याकोबाच्या विहिरीवर पाण्याला येते, तिथे येशू तिच्याकडे पाणी मागतो, दोघांचं बोलणं होतं आणि ती घागर तिथेच टाकून गावात सांगायला पळत जाते. आजीच्या वाडीवर उन्हाळ्यात पाणी आणायला कोस-कोस जावं लागायचं. घागर टाकून येणं म्हणजे काय, हे तिला पाळकांपेक्षा जास्त कळत असणार.

१९७२ च्या दुष्काळात मामा खडी फोडायला जात होते. आई महिन्याच्या महिन्याला ज्वारी पाठवायची आणि सुट्टी मिळाली की स्वतः जायची. परत आली की दोन दिवस पाणी पिताना पेल्याकडे बघत बसायची, असं दादा सांगतो.


रोखठोक

ओवी ही आपल्या वारकरी परंपरेतली गोष्ट. धर्म बदलल्यावर ती तशीच कशी राहिली, हे खरंच समजून घ्यायचं आहे. राग मानू नका.


कृष्णाकाठची

राग नाही. आजीनं प्रभूला मानलं म्हणून तिचं जातं बदललं नाही, विहीर बदलली नाही, भाषाही बदलली नाही. तिला देवाशी बोलायचं होतं आणि पहाटे जात्यावर बसून बोलायची तिची रीत ओवी होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आजही रविवारी पेटी, तबला आणि टाळ असतात. आईनं आयुष्यभर नऊवारी नेसली नाही, पण डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसलीही नाही. हे सगळं आमचंच आहे.


सातारारोड

कृष्णाकाठची यांच्या म्हणण्याला थोडी जोड देतो. मी साताऱ्याचा, ख्रिस्ती नाही, पण या विषयाची ओढ आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तोपर्यंत मराठी ख्रिस्ती देवळांत बरीचशी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली असायची आणि मराठी शब्द त्या चालीत ओढूनताणून कोंबलेले. टिळकांनी अभंग, ओवी, पदं यांच्या वाटेनं गीतं लिहिली आणि ती खेड्यापाड्यांतल्या बायांच्या तोंडी बसली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. शेवटची दोन वर्षं ते साताऱ्यात होते. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ त्यांनी इथेच सुरू केला. ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

ज्या लक्ष्मीबाईंनी नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आधी आकांत केला, सोवळं सोडायला ज्यांना वर्षं लागली, त्यांनीच ते काव्य तडीला न्यावं, याचं मला फार वाटतं. तुमच्या आजीच्या ओव्या त्याच मातीतल्या आहेत. छापल्या गेल्या नाहीत एवढाच फरक.


रोखठोक

धन्यवाद दोघांनाही. माझी आजीही पहाटे दळायची. ती काय म्हणायची ते आता मलाही आठवत नाही. घरी जाऊन काकूंना विचारतो.


वाईची

ताई, सलाम. मी वाईची, आमच्या मंडळीतलीच म्हणा. तुमचं वाचून माझी आजी समोर उभी राहिली.

ती दरवर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) देवळात बोलायची. दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, हे तुम्हाला माहीतच आहे. इतरांना माहीत असावं म्हणून लिहिते. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली', हा कायम माझ्या आजीकडे. ती चौथी शिकलेली. शिकलेल्या लोकांची भाषणं लांबायची, आजी पाच मिनिटांत संपवायची. एका वर्षी तर ती नुसती उभी राहिली, म्हणाली, 'त्यानं पाणी मागितलं आणि आंब (सिरका) दिली. आपल्या दारात कोणी पाणी मागितलं तर काय देता ते आठवा,' आणि खाली बसली. देवळात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

ती गेली तेव्हा रात्रभर घरात गीतं चालू होती. लहान होते मी, वाटायचं हे लोक गातायत कसे. पहाटेपर्यंत माझाही आवाज त्यात मिसळला होता. तेव्हा कळलं की रडताना श्वास अडकतो आणि गाताना तो घ्यावाच लागतो.

मुद्द्याचं विचारते. आईंच्या बहिणी आहेत का कुणी? ओव्या बहिणी-बहिणींत राहतात.


कृष्णाकाठची

आमच्याकडेही रात्रभर गाणी झाली. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकाची आईची जुनी प्रत हातोहात फिरत होती, कडा मऊ पडलेली, हळदीचे डाग असलेली. शेजारच्या चाची, ज्यांच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात, रात्री दोनला चहाचं पातेलं घेऊन आल्या आणि मग घरी गेल्याच नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या. 'सिस्टरनं माझी चारही बाळंतपणं बघितली, मी तिला एक रात्र देऊ नको?' म्हणाल्या. सकाळी शवपेटी उचलली तेव्हा गल्लीतली दुकानं बंद होती. कुणी सांगितलं नव्हतं. कबरस्तानात पाळकसाहेबांनी माती दिली, मग आम्ही, मग रांगेनं सगळे. चाचांनीही दिली.

एक मावशी आहे. एकोणऐंशी वर्षांची, जतच्या बाजूलाच मुलाकडे. पण तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. फोनवर बोलणं होत नाही. आई गेल्याचंही तिला लिहून दाखवावं लागलं. तिला गाणं कसं विचारू?


वाईची

लिहूनच. ऐकू येत नसलं तरी गाता येतं, ताई. आणि तुमच्या आजीनं लेकींना वाचायला शिकवलं आहे की.


सूरपेटी

माझा धंदा पेटी-तंबोऱ्याचा, गाणं थोडंफार शिकलोय. धाग्यात शब्दांबद्दल चाललंय, मी चालीबद्दल बोलतो. ताईंनी तो तुकडा मला पाठवला. वीस-पंचवीस वेळा ऐकला. आवाज ऐंशी पार केलेल्या बाईचा, पण सूर जराही ढळलेला नाही.

जात्यावरच्या ओव्यांना चार-पाच सुरांचीच जागा पुरते, कारण अंगाची ताकद दगड फिरवण्यात जाते आणि जो श्वास उरतो त्यात गायचं असतं. आईंची चालही तशीच. पहिली ओवी अशी:

पहिली माझी ओवी: सा रे ग ग रे ग रे
बेथलेहेम गावी: सा रे ग ग रे रे सा
गाईनं चाटावी: रे ग म ग रे सा
बाळमूठ: नी सा रे सा (हा नी खालचा)

दुसरीत सूर तेच, पण 'तहानेची' वर त्या शेवटच्या 'सा' वर थांबत नाहीत. 'रे' वर सोडून देतात. ते चुकून झालेलं नाही. पुढची ओवी जोडायची आहे, म्हणून दार उघडं ठेवलंय. म्हणजे ही सुटी सुटी गाणी नाहीत, माळ आहे. तिसरी मिळाली तर ती कुठे थांबते ते नीट ऐका. 'सा' वर आली तर माळ तिथे संपली. 'रे' वर सुटली तर चौथीही आहे.


कृष्णाकाठची

हे वाचून तो तुकडा पुन्हा लावला. 'तहानेची' नंतर खरंच ती श्वास घेते. इतक्या वेळा ऐकून मला हे कळलं नव्हतं. दादा रविवारी उपासना झाल्यावर मावशीकडे जाणार आहे.


आठनंबरखाट

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. गाव कर्नाटकात, सीमेजवळ. १९७९ साली मी नऊ वर्षांचा होतो, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला मला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आणलं होतं. आई-वडील रात्री बाहेर व्हरांड्यात झोपायचे. टाके दुखायचे, रडू यायचं. रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या, कंदिलासारखा पिवळा टॉर्च घेऊन फिरायच्या. माझ्या खाटेशी थांबून कपाळावर हात ठेवून अगदी हळू काहीतरी म्हणायच्या. मला तेव्हा मराठी फारसं येत नव्हतं. 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी' एवढं कळायचं, कारण शाळेत मोजायला शिकवलं होतं. चौथी मी कधी ऐकली नाही. त्याआधी झोप लागायची.

त्या तुमच्या आईच होत्या असं मी म्हणत नाही. हॉस्पिटल मोठं होतं, सिस्टर पुष्कळ होत्या. पण पहिली ओवी तुम्ही लिहिलीत ती माझ्या बायकोनं मोठ्यानं वाचली आणि मला कपाळावर हात जाणवला. म्हणून लिहिलं.


कृष्णाकाठची

दादा, काय लिहू? दिवसभर तुमचा प्रतिसाद उघडून बघतेय. १९७९ साली आई सर्जिकल वॉर्डातच होती, एवढं मला पक्कं माहीत आहे. आम्ही घरी बाबांजवळ झोपायचो आणि तिच्या रात्रपाळ्यांचा मला राग यायचा. आमच्या वाट्याची आई कुठे जायची ते आज तुमच्याकडून कळलं. तुम्ही झोपलात ना तिच्या हाताखाली, बरं झालं.


माणदेशी

आठनंबरखाट, तुम्ही 'चौथी' लिहिलंत. सूरपेटींनी म्हटल्याप्रमाणे चौथी होती का, हे बघायला हवं.


कृष्णाकाठची

रविवारचं सगळं सांगते. मीही सांगलीहून दादाबरोबर गेले. मावशी अंगणात खाटेवर बसली होती. मला बघून आधी खूप रडली, आईच्या नावानं नाही, लहानपणीच्या हाकेनं. मग दादानं मोठ्या अक्षरांत वहीवर लिहिलं: 'तिसरी माझी ओवी'. तिनं चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं आणि आमच्याकडे बघितलं नाही. समोर जातं असल्यासारखा उजवा हात फिरवायला लागली. खुंटा धरल्यासारखी मूठ. पहिल्यापासून म्हणत आली. स्वतःचाच आवाज तिला ऐकू येत नाही, पण हात फिरत होता त्याच्यावर सूर बसत होता.

तिसरी माझी ओवी। पहाटेस गावी।
धोंड कुणी लोटावी। बायांनो गं॥

दादा उठून गोठ्याकडे गेला. मला ते लगेच आठवलं. शब्द नव्हे, प्रसंग आठवला. १२ एप्रिल २०२० ला पुनरुत्थानदिन (ईस्टर) होता आणि टाळेबंदीमुळे देऊळ बंद. पहाटेची उपासना चुकली असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आई काठी घेऊन गच्चीवर गेली, पूर्वेला तोंड करून उभी राहिली आणि हेच म्हणाली. धोंड कुणी लोटावी. कबरेकडे निघालेल्या बाया वाटेत एकमेकींना हेच तर विचारतात. सगळं जग दाराआड होतं आणि ती गच्चीवर हे म्हणत होती. मी शेजारी उभी होते. तिला थंडी वाजेल म्हणून शाल आणायला खाली गेले.

सूरपेटी, तिसरी 'सा' वर थांबली. मावशीचा हातही तिथेच थांबला. मी वहीवर 'चौथी?' असं लिहिलं. ती म्हणाली, 'चौथी न्हाईच. आईच्या तीनच. तुझी आई येडी, ती पुढं जोडायची कायतरी दवाखान्यातलं.'


सूरपेटी

मावशींकडे तिसरी 'सा' वर संपते. मग आई दुसरीत दार उघडं ठेवायच्या ते कदाचित तिसरीतही ठेवत असतील. चौथी त्यांची स्वतःची असणार. घरात आणखी कुणी ऐकली आहे का?


वाईची

ताई, नातवंडांना विचारा. आया लेकींसमोर जे म्हणत नाहीत ते नातवंडांजवळ म्हणतात.


नातपुण्याची

नमस्कार. मी त्यांची नात. आईनं आत्ता धाग्याची लिंक पाठवली. सगळं एका बैठकीत वाचलं, ऑफिसात.

चौथी आहे. मला सातवीत टायफॉइड झाला होता, आजी पुण्याला येऊन तीन आठवडे राहिली. आईची नोकरी होती, दिवसभर आम्ही दोघीच. ताप चढला की ती मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि चारही म्हणायची. शेवटची अशी:

चौथी माझी ओवी। खाटेशी म्हणावी।
झोप त्यांना यावी।

आणि यापुढचा तोकडा तुकडा मला येत नाही. कितीही आठवलं तरी नाही. चार अक्षरं असतील. आठनंबरखाट काकांसारखंच झालं, मला तिथपर्यंत झोप लागायची. मी तिला एकदा विचारलं होतं की 'त्यांना' कुणाला? मी तर एकटीच आजारी आहे. ती म्हणाली, 'अगं, आठ नंबर, बारा नंबर, सगळ्यांना.' तेव्हा वाटलं तापात मला काहीतरी भलतंच ऐकू येतंय.

आई, तू मला हे कधी विचारलंच नाहीस.


आठनंबरखाट

माझी खाट आठ नंबरची होती. नाव त्यामुळेच घेतलंय. आणखी काही लिहिता येत नाही आज.


कृष्णाकाठची

गेले आठ दिवस इथे काही लिहिलं नाही. लेक पुण्याहून आली होती. आम्ही दोघींनी आईचं पवित्र शास्त्र, ड्यूटीच्या जुन्या वह्या, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजू, सगळं बघितलं. चौथी कुठेही लिहिलेली नाही. स्तोत्रांच्या समासात मात्र पेन्सिलीनं आकडे आहेत. ८, १२, १७, ३. आम्हाला वाटायचं स्तोत्रांचे क्रमांक असतील. ते खाटांचे आहेत. काहींच्या पुढे बारीक क्रूस आहे, काहींच्या पुढे 'घरी' असं लिहिलंय. 'घरी' जास्त आहेत.

बऱ्याच जणांनी शेवटचे चार अक्षरांचे शब्द सुचवले, खाजगी निरोपातूनही पाठवले. 'दुखणाऱ्यां', 'प्रभूपाशी', 'देवबापा'. सगळे छान आहेत आणि सगळ्यांचे आभार. पण आम्ही ती जागा भरणार नाही. लेक म्हणते, तिथे सूरच म्हणू.

पुनरुत्थानदिनाच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते. साडेपाचला, उजाडायच्या आत. मेणबत्त्या असतात, थंडी असते. पाळकसाहेबांना विचारलं, ते हो म्हणाले. पहिल्या तीन मावशीच्या वळणानं म्हणणार, मावशीला दादा गाडीनं घेऊन येणार आहे. तिला ऐकू येणार नाही म्हणून लेक तिच्यासमोर बसून हात फिरवणार आहे. तिसरी 'रे' वर सोडायची आणि चौथीला जायचं. आठनंबरखाट दादा, सीमेवरून येणाऱ्या एसटीनं तुम्ही आदल्या रात्री मिरजेत पोहोचू शकता. आमच्याकडेच उतरा. चाचींना सांगितलंय, दोन्ही घरांत जागा आहे.

सूरपेटी, तुम्ही पेटी घेऊन येताय म्हणून पट्टी विचारली होतीत. त्या तुकड्यात आई पांढरी चारमध्ये गातेय. तीच धरा. आम्हाला खालची पडली तरी चालेल.